एकच जाकीट, पण जाड

दाभोळला थंडी पडते का, असा प्रश्न अजूनही काही चिकित्सक मंडळी विचारतात. वाशिष्ठीच्या मुखावर, भरतीच्या पाण्याशेजारी वसलेल्या गावात पारा फारसा खाली उतरत नाही, हे त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून असेलही. पण थंडी पाऱ्यावर मोजायची नसते, जाकिटावर मोजायची असते, एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही. तुळशीचे लग्न लागते, पाहुण्यांची पांगापांग होते आणि एका सकाळी बाजारपेठेत पहिले काळे, फुगीर, चकचकीत जाकीट प्रकट होते. त्या दिवसापासून थंडी सुरू झाली असे समजण्यात येते. मग कोणी कितीही घामाघूम दिसो, उकडते आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

या बाबतीत आम्ही दापोलीचे ऋणी आहोत. दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात. इंग्रजांनी तिथे छावणी ठेवली ती हवा पाहूनच, आणि जुनी माणसे अजूनही तिला कॅम्प म्हणतात. एखाद्या जानेवारीत तिथला किमान पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, वर्तमानपत्रात चौकटीत बातमी येते आणि ती वाचून घाटाखाली, समुद्रसपाटीला, आम्हाला हुडहुडी भरते. शेजारच्या गावाच्या थंडीत इतक्या मनापासून सहभागी होणारे गाव तालुक्यात दुसरे नसेल.

हे सगळे सुरळीत चालू असताना अलीकडे काही डोंगरवेडे आणि सायकलवाले तरुण एक नवेच मत मांडू लागले आहेत. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने त्याचा समाचार घेणे भाग आहे. त्यांचे म्हणणे असे की थंडीत बाहेर हिंडायचे, चढायचे, सायकल मारायची तर एकच जाड कपडा घालू नये, पातळ पातळ तीन घालावेत. अंगालगतचा कपडा घाम धरून ठेवणारा नको, बाहेर सोडणारा हवा. म्हणजे सुती नको, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा हवा. त्यावर हवा कोंडून धरणारा स्वेटर, आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे पातळ पण घट्ट विणीचे आवरण. ऊब कपडा देतच नाही, ती अंगाचीच असते. कपड्याच्या आत अडकलेली हवा तिला बाहेर पळू देत नाही, एवढेच. उलट पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेते. त्यामुळे घामाने भिजलेली सुती बनियन घालून वाऱ्यात उभे राहणे म्हणजे थंडीला आत बोलावून चहा पाजणे होय. चालताना गरम झाले की एक कपडा उतरवावा, आणि विसाव्याला टेकण्याआधी तो पुन्हा चढवावा.

युक्तिवाद बिनतोड आहे. म्हणूनच तो आपल्याकडे चालणार नाही.

उतरवलेला कपडा ठेवायचा कुठे, हा पहिला व्यावहारिक प्रश्न. खांद्यावर टाकला तर माणूस लग्नाच्या वाढप्यासारखा दिसतो, कमरेला बांधला तर शाळकरी पोरासारखा. दुसरे म्हणजे, जाकीट काढले की खालचा शर्ट दिसतो, आणि तो कुणाला दिसणार नाही या भरवशावरच तर त्याला सकाळी इस्त्री केलेली नसते. शिवाय जाकिटाला पैसे पडलेले असतात. जी वस्तू वर्षातून पाच-सहा आठवडेच बाहेर काढायची, ती पहाटे सहाला आणि दुपारी बाराला सारख्याच निष्ठेने अंगावर असणे, हा शुद्ध हिशेब आहे. डिसेंबरातही आपल्या किनाऱ्यावर दुपारी पारा तिशी ओलांडतो हे खरे. पण ऊन पडले म्हणून जाकीट काढणारा माणूस उद्या निवडणूक लागली म्हणून पक्षही बदलेल. समाजाला स्थिर माणसे लागतात.

थरांचा धर्म पाळणारे लोक इथे पूर्वीपासून आहेत, फक्त आपण तो पाळतो आहोत हे त्यांना माहीत नाही. पहाटेच्या अंधारात दाभोळहून दापोलीला मोटारसायकलने जाणारा गृहस्थ शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालतो. कागदाच्या घड्यांत हवा अडकते, वारा आत शिरत नाही, आणि दापोलीला पोचल्यावर तोच अंक वाचताही येतो. बातमी वाचकाच्या हृदयाला भिडावी अशी इच्छा धरणाऱ्या संपादकांनी या उपयोगाची दखल घ्यायला हवी. त्याच्या मागे बसलेला मेहुणा मात्र सुधारलेला. तो जाकीट उलटे घालतो, पाठीची बाजू छातीवर आणि चेन पाठीवर, म्हणजे थंडी समोरून आली तरी तिला आत यायला दार सापडत नाही. घाट चढून दापोलीच्या आझाद मैदानापाशी उतरेपर्यंत दोघांपैकी एक कोरडा असतो आणि दुसरा आतून भिजलेला. रुबाबदार कोण दिसतो, हे सांगायला नको.

धोपाव्याच्या फेरीबोटीवर हे सामाजिक दर्शन अधिक स्पष्ट घडते. 2003 पासून ही फेरी खाडी ओलांडून गाड्या नेते-आणते, आणि गुहागरकडे निघालेल्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा मोठाच वळसा वाचवते. सकाळच्या फेरीला डेकवर वारा असतो, खाडीवर धुके असते, पलीकडे अंजनवेलच्या बाजूला वीज कंपनीचे धुराडे दिसते. (कंपनी खाडीपलीकडे उभी राहिली आणि नाव मात्र आमचे घातले. दाभोळला परक्याच्या अंगावर आपला कपडा बघायची सवय आहे.) पाहुणे सहसा गाडीतून उतरत नाहीत. काचा बंद, एसी चालू, अंगात जाकिटे. बाहेरच्या गारव्यापासून बचाव व्हावा म्हणून आत गारवा निर्माण करायचा आणि त्यापासून बचाव व्हावा म्हणून जाकीट घालायचे, या व्यवस्थेत इंधन जळते, वीज लागते, लोकर खपते. अर्थव्यवस्थेला चालना देणारा इतका परिपूर्ण पोशाख पॅरिसलाही सुचला नसता.

मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावर सकाळी डॉल्फिन बघायला निघणाऱ्या होड्यांत तर जाकीट सुरक्षिततेशी थेट झुंज घेते, आणि जिंकते. फुगीर जाकिटावर लाइफ जाकीट चढवले की पट्टे पुरत नाहीत, बकल जुळत नाही. मग काही जण ते नुसतेच खांद्यावर टाकतात, काही जण त्याच्यावर बसतात, कारण फळी ओली असते. होडी कलंडली तर आतले जाकीट पाणी पिऊन जड होईल आणि बाहेरचे एकटेच तरंगत जाईल, अशी शंका एखादा रडतोंड्या काढतो. पण त्याने हेही पाहावे की फोटोत दोन्ही जाकिटे एकाच वेळी दिसतात. डॉल्फिन दिसला नाही तरी सहल वाया जात नाही.

खेडच्या बाजूला रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे तीन गड आहेत, आणि डिसेंबरातल्या शनिवारी तिथे जाणाऱ्या तुकड्या पाहून कोणाचाही तरुणाईवरचा विश्वास दृढ व्हावा. अंगात सुती टी-शर्ट, पायांत जीन्स, वर जाकीट. पहिल्या अर्ध्या तासाच्या चढातच टी-शर्ट पिळून काढण्याइतका भिजतो, पण जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली असते, कारण वर पोचल्यावर थंडी असणार. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. माथ्यावर वारा सुटतो, घाम गार पडतो, आणि झोलाईच्या देवळात रात्रभर सगळ्यांचे दात एका तालात वाजतात. जीन्स वाळायला दोन दिवस लागतात, हेही एका दृष्टीने बरेच; ट्रेकची आठवण तितके दिवस पायांशी राहते. मग शेकोटी पेटते, त्यासाठी जवळचे वाळलेले आणि कधी न वाळलेले लाकूड तोडले जाते, आणि अशा रीतीने जंगलसुद्धा तरुणांच्या उबेला हातभार लावते. कुणाची फारच वाईट अवस्था झाली तर महाराष्ट्रात गिर्यारोहकांची स्वयंसेवी बचाव पथके आहेत. ती रात्री-अपरात्री स्ट्रेचर घेऊन डोंगर चढतात. त्या लोकांच्या सेवाभावाला वाव मिळत राहावा, यासाठी तरी सुती टी-शर्टाची परंपरा टिकली पाहिजे.

विरोधक इथे एव्हरेस्टचे दाखले देतात. 18 मे 1998 रोजी सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, 2012 मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे गिर्यारोहक पोचले, आणि या सर्वांनी थरावर थर घातले होते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. जॉर्ज मॅलरी 1924 मध्ये एव्हरेस्टवर नाहीसा झाला. त्याचा मृतदेह 1999 मध्ये सापडला तेव्हा अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ थर आणि वरून घट्ट विणीचे गॅबर्डिन निघाले. पुढे तशाच कपड्यांची प्रतिकृती शिवून पर्वतावर वापरून पाहिली, तर ते कपडे हलके आणि उबदार असल्याचे आढळले. पण या सर्वांना शिखर गाठायचे होते. आपल्याला स्टेटस ठेवायचे आहे. गरजा वेगळ्या म्हणून पोशाख वेगळा, यात कुणी कुणाला कमी लेखण्याचे कारण नाही.

शिवाय थर घालून आलेल्या माणसांचा दाभोळचा अनुभव काही चांगला नाही. 1508 च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द आल्मेदा चौलला मारल्या गेलेल्या मुलाचा सूड घेण्यासाठी आरमार घेऊन निघाला होता. वाटेत तो या बंदरात शिरला. लोखंडी चिलखत आणि त्याखाली कापूस भरलेली जाड बंडी हा त्या काळच्या युरोपीय शिपायाचा पोशाख. आदिलशाहीतले भरभराटीचे शहर त्या लोकांनी कापून काढले आणि जाळले. थंडीच्या मोसमात घराबाहेर पडून करायच्या उपक्रमांत दाभोळच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा उपक्रम, आणि तो थरवाल्यांचा होता, एवढे नमूद करून पुढे जाऊ. त्याच्या काही दशके आधी अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी याच बंदरातून परतीच्या गलबतावर चढला होता. तो त्वेरचा, म्हणजे बर्फातला माणूस. चौलला उतरल्यावर इथल्या लोकांच्या अंगावर कपडे किती कमी, याचे आश्चर्य त्याने लिहून ठेवले आहे. तो पुन्हा घरी पोचलाच नाही, वाटेत स्मोलेन्स्कजवळ वारला. आज जानेवारीतल्या एखाद्या सकाळी तो एस.टी. स्टँडवर उभा राहिला असता, तर त्याला ती नोंद खोडावी लागली असती.

थंडीचा खरा उपयोग कोकणात ज्याला होतो, त्या आंब्याला मात्र जाकीट लागत नाही. रात्री गार झाल्या की हापूस मोहरतो, म्हणून नोव्हेंबरपासून बागायतदार थंडीसाठी देव पाण्यात घालून बसतात. थंडी फार लांबली तर झाड पहिल्या मोहोरावर दुसरा मोहोर काढते, आणि मग आधी धरलेली कणी गळून जाते. थरावर थर चढवण्याचे नुकसान कसे होते, हे आम्हाला झाडानेच शिकवले आहे. कृषी विद्यापीठ या दुसऱ्या मोहोरावर उपाय सुचवते. जाकिटावर उपाय सुचवायला विद्यापीठ नाही, आणि नको.

याचा अर्थ दाभोळ-दापोलीकडे थर घालण्याची कला कोणालाच अवगत नाही असे नव्हे. ती सार्वजनिक जीवनात उच्च अवस्थेला पोचली आहे. कोणताही सत्कारसमारंभ पाहा, शक्यतो एप्रिल-मे महिन्यांतला. प्रमुख पाहुण्यांच्या अंगात बनियन, त्यावर खादीचा झब्बा, त्यावर बंद गळ्याचे जाकीट. त्यावर ग्रामस्थांतर्फे शाल. शाल खाली घसरण्याच्या आत सोसायटीतर्फे दुसरी शाल. मग तरुण मंडळ, महिला मंडळ, मुंबई मंडळ, माजी विद्यार्थी. मांडवाचे पत्रे तापलेले, पंखा फिरतो तो फोटोग्राफरच्या दिशेला, आणि पाहुणे सहा शालींच्या आत अविचल बसलेले. हिमालयातल्या कोणत्याही गिर्यारोहकाने इतकी हवा अंगाभोवती कोंडली नसेल, आणि इतकी हवा भाषणातून बाहेरही सोडली नसेल. समारंभानंतर या शाली घड्या मोडण्याआधीच कपाटात जातात, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या सत्काराला बाहेर पडतात. काही शालींनी पंचवीस-तीस थोर पुरुषांचे खांदे पाहिले असतील, पण एकाही माणसाचा गारठा पाहिलेला नसेल. वस्त्राच्या आयुष्यात इतका मान लोकरीशिवाय कुणाला मिळाला आहे?

गरिबांचा विसर पडला आहे असेही नाही. ब्लँकेटवाटप होते. ते साधारणपणे थंडी ओसरल्यावर होते, कारण नेत्यांच्या तारखा मिळत नाहीत. एका ब्लँकेटला आठ हात लागलेले असतात आणि नववा हात ज्याचा, तो कॅमेऱ्याकडे बघायचे विसरतो, म्हणून पुन्हा द्यावे लागते. ब्लँकेट इतके पातळ असते की त्यातून पलीकडचा बॅनर वाचता येतो. पारदर्शक कारभार म्हणतात तो याहून वेगळा काय असणार?

शिस्तीच्या बाबतीत आमच्याकडच्या पुष्कळ शाळाही मागे नाहीत. स्वेटर घालायचा तर गणवेशाच्या ठरलेल्या रंगाचाच घालायचा, आईने घरी विणलेला किंवा मोठ्या भावाचा उतरलेला चालत नाही. साहजिकच ज्या मुलाकडे ठरलेला रंग नसतो ते सकाळच्या प्रार्थनेला नुसत्या शर्टावर कुडकुडते, पण रांगेत कुडकुडते. साने गुरुजींचा श्याम दापोलीला शिकताना खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात घरी घेऊन जातो, हा पाठ आम्ही त्या मुलांकडून पाठ करून घेतो. तो कोट कोणत्या रंगाचा होता हे गुरुजींनी सांगितले असते, तर तो गणवेशात बसतो की नाही हे तरी ठरवता आले असते.

राहता राहिला धक्का. पहाटे चारच्या सुमारास मासेमारीच्या बोटींवर जी माणसे दिसतात, त्यांच्या पोशाखाबद्दल न बोललेलेच बरे, पण निःपक्षपातीपणासाठी बोलावे लागते. खलाशाच्या अंगात आधी बनियन, त्यावर कॉलर विरलेला फुल शर्ट, त्यावर कोपरावर उसवलेला स्वेटर, त्यावर प्लास्टिकचे जर्किन, डोक्याला माकडटोपी. जाळे ओढायची वेळ आली की तो जर्किन काढतो, मग स्वेटर काढतो. माल बर्फात घालून झाला आणि बोट परतीला लागली की उलट्या क्रमाने एकेक चढवतो. त्याने कोणाचे व्याख्यान ऐकलेले नाही. यांतले कित्येक नेपाळचे आहेत. हापूसच्या बागांत रात्रभर राखण करणारे गुरखेही तिकडचेच. डोंगरातून येताना ही माणसे आपली अडाणी पद्धत बरोबर घेऊन आली, आणि आमचे खारवी, कोळी, दालदी बांधव तर ती पिढ्यानपिढ्या पाळतात. घरी त्यांच्या अंगावर जी गोधडी असते, तीही जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवूनच केलेली. म्हणजे अज्ञान किती खोल मुरले आहे पाहा. त्या माणसाला थंडी वाजत नाही हे खरे. पण त्याच्याकडे पाहून थंडी आली आहे असे कुणालाही वाटत नाही, आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही.

तेव्हा नागरिकहो, येत्या मोसमात जाकीट एकच घ्या आणि जाड घ्या. चेन वरपर्यंत लावा, उन्हाला भिऊ नका, आत बनियन सुतीच ठेवा. सत्काराला बोलावणे आले तर शाल नाकारू नका. ती घरी आणून कपाटात इतरांवर रचा आणि पुढच्या सत्काराची वाट पाहा. फक्त त्यातली एखादी पहाटेच्या धक्क्यावर नेऊन देण्याचा अविचार करू नका. तिथल्या माणसाच्या अंगावर आधीच चार कपडे आहेत, आणि त्यांतला एकही त्याला कुणी व्यासपीठावर दिलेला नाही.